काचेची तार

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात देवमनराव इंगळ्यांच्या घरी इंटरनेट आलं. अमरावतीत तोवर ते सगळीकडे पोचलं होतं. वडाळीतल्या त्यांच्या गल्लीत भाजीवालीच्या मोबाइलवरसुद्धा चित्रं हलायची. पण भिंतीतून तारेनं आत येणारं आणि घरभर हवेतून पसरणारं नेट त्यांच्या आणि त्यांच्या बायकोच्या, ललिताबाईंच्या, उंबरठ्याआत त्या वर्षी आलं, आणि ते आलं नातीसाठी.

नात म्हणजे खुशी. तिची आई संध्या ही ललिताबाईंची एकुलती एक लेक. साथीच्या दुसऱ्या लाटेत, एकवीस सालच्या एप्रिलमध्ये, ती अकोल्याच्या दवाखान्यात वारली. वर्ष उलटल्यावर जावयानं, नागसेननं, दुसरं लग्न केलं. ललिताबाईंनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. उलट, पोरीला घरात बाईमाणूस पाहिजे म्हणून त्यांनीच होकार दिला होता. नवी आई प्रतीक्षा स्वभावानं बरी होती. पण खुशी तिच्याशी बोलेना, आणि पुढे पुढे तर कोणाशीच बोलेना. शाळेतून आली की टीव्हीला गेमचा कन्सोल जोडायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि त्या पडद्यात निघून जायची.

एप्रिलच्या शेवटी नागसेनचा फोन आला.

"आई, प्रतीक्षाले दिवस गेले हायेत. घरात मन रमत नाई खुशीचं. महिनाभर तुमच्याकडं धाडतो. करमलं तं जूनमदी आठवीत तिथंच टाकू. नाई करमलं तं मी येऊन घेऊन जाईन. जबरदस्ती नोको."

या घरात पुन्हा शाळेचा डबा भरला जाईल, दारामागे दप्तर लटकेल, असं ललिताबाईंनी दोन वर्षांत मनातसुद्धा आणलं नव्हतं. मग फोनवर खुशी आली.

"आजी, तुमच्याकडे वायफाय आहे?"

"काय?"

"नेट गं. मोबाइलचं नाही, घरचं. कन्सोल मोबाइलच्या नेटवर नीट चालत नाही."

"हाय ना," ललिताबाई म्हणाल्या.

नव्हतं. फोन ठेवून त्या तशाच अंगणात आल्या. देवमनराव पायरीवर बसून सायकलची साखळी पुसत होते.

"आवो, पोट्टी यायच्या आत नेट पाहिजे घरी. मी हाय म्हणून सांगून बसली."

"हाय म्हणून सांगतलं? मंग आता आनाच लागन," देवमनराव हसले.

देवमनराव टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होते. फोन मिळवायला लोक वर्षानुवर्षं थांबत, त्या काळात गल्लीतला पहिला फोन याच घरात वाजला होता. कोणाच्या पोराची नोकरी लागलेली, कोणाची सासू गेलेली, अशा सगळ्या बातम्या ललिताबाईंनी आपल्या कानांनी ऐकून दारोदार पोचवल्या होत्या. अंजनगावापासून चांदूर बाजारापर्यंत कोणत्या खांबावर कोणती जोडणी कच्ची, हे देवमनरावांना पाठ होतं. तुटलेली तार दातांनी सोलून, पिळून, ते खांबावर बसल्या बसल्या बोलती करत.

नेट जोडायला उत्तमराव आले. एके काळी ते देवमनरावांच्याच हाताखाली होते. खात्यातून लवकर बाहेर पडून आता एका केबलवाल्याकडे काम करत होते.

"दादा, बाजूले सरका जरा. हे तांबं नोहे, काच हाय."

"काच?"

"केसावानी बारीक काच. तिच्यातून उजेड पळते."

"अन् बोलणं?"

"बोलणं, पिक्चर, गेम, सारं त्या उजेडातच."

देवमनरावांनी तारेचा कापून पडलेला तुकडा डोळ्यांजवळ धरला. "साऱ्या जिंदगीभर तांबं ओढलं आपण, उत्तम. अन् ह्या केसानं आपलं नाक कापलं."

"माह्यं नाई कापलं. मी तिचीच रोटी खाऊन राहिलो."

"मोडली तं?"

"मोडली तं जोडाले मशीन लागते, हातानं नाई जमत. अन् एक ध्यानात ठेवा दादा. आभाळ गरजलं का ही उपटू नोका. काचीतून वीज येत नाई. मले तुमची आदत मालूम हाय."

ती आदत साऱ्या खात्याला ठाऊक होती. सत्त्याऐंशी साली देवमनरावांचे सोबती भगवंतराव खांबाखाली उभे राहून कानाला यंत्र लावून लाइन तपासत होते. दूर कुठे तरी वीज पडली आणि तारेतून थेट त्यांच्या कानात आली. ते जागीच गेले. देवमनराव चार हातांवर होते. तेव्हापासून आभाळ पहिल्यांदा गुरगुरलं की ते घरातली टेलिफोनची तार भिंतीतून उपटून ठेवत. घरातला टेलिफोन काढून टाकल्यावर टीव्हीची उपटत. ललिताबाईंनाही तीच सवय लागली होती.

जुना टेलिफोन ठेवायचा त्याच फळीवर राउटर बसला. खुशी आली, तेव्हा त्याचे दिवे लुकलुकत होते. तिनं बॅग खाली ठेवायच्या आधी मोबाइल काढून घरभर फिरून पाहिलं.

"मागच्या खोलीत येत नाही सिग्नल. भिंत जाड आहे."

मागची खोली संध्याची होती. खुशीला तीच द्यायची, असं ललिताबाईंनी ठरवलं होतं.

"लॅपटॉप मी पुढच्या खोलीत बसून वापरीन," खुशी म्हणाली. "पण कन्सोलला तिथपर्यंत तार लागेल. नाही तर लॅग येतो."

"लॅग म्हंजे?" देवमनरावांनी विचारलं.

"म्हणजे, आबा, मी आत्ता बटण दाबलं तर ते तिकडे उशिरा पोचतं. तोवर मी मेलेली असते."

"असं नोको बोलू बाई," ललिताबाई पटकन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी देवमनरावांनी बाजारातून निळी तार आणली आणि स्वतः टाकली. एकेका वितीवर खिळा, कोपऱ्यात गोल वळण, कुठं झोळ नाही. चष्मा सावरत, छोटी हातोडी ठोकत ते पुढच्या फळीपासून मागच्या खोलीपर्यंत सरकत गेले. खुशी खिळे हातात घेऊन सोबत. नेटला परवलीचा शब्द ठेवायचा होता. ललिताबाई म्हणाल्या, "संध्या ठेव ना." खुशीनं मान वर केली नाही. "नको. दर वेळी टाइप करावं लागतं." मग तिनं कसले तरी आकडे टाकले.

महिना चांगला गेला. सकाळी खुशी आजीसोबत बाजारात यायची, ज्वारीची भाकरी थापायचा प्रयत्न करून हात भाजून घ्यायची. दुपारी मागच्या खोलीतून तिचं हसणं ऐकू यायचं. चार पोरींचा संघ होता. त्यातली दामिनी अंजनगावची, बाकी दोघी कुठल्या कुठल्या गावच्या. एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण हेडफोनमध्ये अशा भांडायच्या की जशा एका ताटात जेवणाऱ्या बहिणी. देवमनराव मागे खुर्ची टाकून बसायचे.

"ह्यातली तू कोंती?"

"ती हिरवी."

"लय पळते बापा. आजीवर गेली."

"आबा, शांत बसा ना, मेले मी तुमच्यामुळे!"

ललिताबाई शाळेतून प्रवेशाचा फॉर्म घेऊन आल्या. पाटावर ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "राहशीन का मंग?"

"रविवारची मॅच होऊ दे, आजी. मोठी आहे ती. जिंकलो तर आमचा संघ पुढे जाईल." मग थोडं थांबून ती म्हणाली, "राहीन बहुतेक. इथं मला सारखं कोणी बंद कर, बंद कर, म्हणत नाही."

ललिताबाईंनी फॉर्म पेनासकट संदुकीवर ठेवला.

रविवारी, अठ्ठावीस मेला, दुपारी तीनपासून मॅच सुरू झाली. चारच्या सुमाराला वाऱ्यानं अंगणातला कडुनिंब वाकवला आणि भर उन्हाळ्यात आभाळ काळं झालं. पहिला गडगडाट झाला तसे देवमनराव पायरीवरून उठून आत आले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. खुशी पाठमोरी बसली होती, दोन्ही कान हेडफोननं झाकलेले, तिच्या पुढून निघालेली तार भिंतीवर चढलेली.

"खुशे, काढ ते कानातलं!"

तिला ऐकू गेलं नाही. दुसरी वीज जवळ कडाडली. खिडक्यांची तावदानं थरथरली. देवमनरावांचा हात फळीवरच्या काचेच्या तारेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"उत्तम म्हणे, काचीतून येत नाई," ते पुटपुटले.

ललिताबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांना फक्त ते झाकलेले कान दिसत होते.

"चुलीत गेला उत्तम! ओढा म्हणते ना! एक गेली ते पुरे हाय आपल्याले!"

देवमनरावांनी ओढली. मुळाशी धरून नव्हे, हातात आली तशी, झटक्यानं. ती मधेच तुटली. राउटरचा दिवा लाल झाला.

खुशी बाहेर आली. हेडफोन गळ्यात होते. "आजी, नेट गेलं..." मग तिला आबांच्या मुठीत तार दिसली.

"दहा मिनिटं राहिली होती," ती म्हणाली. "दहाच मिनिटं."

"जोडतो. आता जोडतो. बस तू, आता जोडतो."

देवमनरावांनी पेटी काढली. खात्यातली ती जुनी पक्कड, तो सुरा. बाहेर गारा पडायला लागल्या होत्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, तारेची दोन्ही टोकं सोलली आणि आयुष्यभर तांबं पिळलं तशी काच पिळायला घेतली. ती मोडली. आणखी सोलली, आणखी मोडली. बोटात कुसळासारखा काहीतरी तुकडा गेला आणि रक्ताचा थेंब आला. ललिताबाईंनी उत्तमरावांना फोन लावला. अर्ध्या शहराच्या लाइनी पडल्यात, मशीन घेऊन उद्याच येतो, असं ते म्हणाले. देवमनराव मान वर न करता पिळत होते. मोबाइलवर दामिनीचा निरोप आला. सगळ्यांना वाटलं होतं की हरायला लागलो म्हणून खुशी मधेच पळाली. त्यांनी तिला संघातून काढलं होतं.

खुशीनं तो वाचला. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"सोडा, आबा. तुम्हाला तोडताच येतं. आईचा फोनसुद्धा तुम्हीच कापला होता."

देवमनरावांच्या हातातली पक्कड थांबली.

संध्या दवाखान्यात होती तेव्हा खुशी इथं आजी-आबांकडेच होती. शेवटच्या दिवशी अकोल्याहून एका नर्सबाईनं देवमनरावांच्या मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला होता. संध्याच्या तोंडावर मास्क होता, डोळे खोल गेलेले. "खुशी कुठी हाय?" तिनं विचारलं. खुशी आतल्या खोलीतून धावत आली, तेवढ्यात देवमनरावांच्या अंगठ्यानं लाल बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी पहाटे संध्या गेली. खुशीनं दारातून पाहिला तो फक्त अंगठा. देवमनरावांच्या पाठीशी उभं राहून "लेकराले नोका दाखवू, बंद करा," असं हलक्या आवाजात म्हणणारी बाई तिला दिसली नव्हती.

ललिताबाईंनी तोंड उघडलं. "खुशी, ते आबानं..." देवमनरावांनी मान हलवून त्यांना थांबवलं.

खुशीनं बापाला फोन केला. ती आत गेल्यावर ललिताबाई नवऱ्याजवळ येऊन बसल्या.

"मले सांगू द्या तिले. दोन्ही खेपी तोंड माह्यं होतं."

"हात तं माहा होता." देवमनरावांनी काच गेलेलं बोट पुढे केलं. ललिताबाई सुईनं काच शोधू लागल्या. "ऐक. माह्यावर राग हाय तं राहू दे. तुह्यावर बी धरला तं ह्या घरी कोणासाठी येईन ते? नोको सांगू."

सोमवारी सकाळी नागसेन अकोल्याहून आला. उत्तमरावही मशीन घेऊन आले. दोन टोकं खाचेत ठेवून झाकण लावलं, आणि चहा निवायच्या आत काच जुळली. दिवा हिरवा झाला. खुशी तोवर बॅगेची चेन लावत होती. तिनं एकदा फळीकडे पाहिलं. आजीच्या पाया पडली, गळ्यात पडली. अंगणात देवमनराव फाटक धरून उभे होते, त्यांच्या बाजूनं ती मान खाली घालून निघून गेली.

त्यानंतरची हकिगत थोडी आहे.

प्रतीक्षाला ऑगस्टमध्ये मुलगी झाली. खुशी तिला कडेवर घेऊन फिरते म्हणे, आणि गेम आता फारसा खेळत नाही. नागसेननं अकोल्यातच घर बांधलं. उत्तमरावांच्या डोळ्यांना बारीक काम दिसेनासं झालं, त्यांनी काम सोडलं. दामिनी आणि खुशी पुन्हा कधी बोलल्या का, ते ललिताबाईंना कळलं नाही.

देवमनरावांनी नेट काढू दिलं नाही. दर रविवारी तीन वाजता ते राउटर पुसून ठेवत. दीड वर्ष खुशी आली नाही. चोवीस सालच्या डिसेंबरात, थंडीत, ते दोन दिवसांच्या तापानं गेले. खुशी आली, पण उशिरा. बस मूर्तिजापूरजवळ बंद पडली होती. अंत्यविधीचं पंचशील म्हणून झालं होतं, माणसं परतत होती. ती अंगणात उभी राहिली, रडली नाही.

आता मात्र ती दर सुट्टीला येते. दहावीत आहे. मागच्या खोलीत अभ्यास करते, आजीच्या हातचं खाते, दुपारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपते. गेल्या दिवाळीत असंच पडल्या पडल्या ती म्हणाली, "आजी, आबा असे का वागले गं माझ्याशी? त्यांच्या जागी तू असतीस तर नसतं तोडलं."

ललिताबाईंचा हात तिच्या केसांवर होता. तो काही क्षण थांबला.

"झोप बाई," त्या म्हणाल्या, आणि हात पुन्हा फिरवू लागल्या.