एकपदरी तंबू

तंबूचं कापड एक, वाकणाऱ्या काठ्या दोन, ताणदोऱ्या सहा, खुंट्या चौदा. आत्याने पिशवी उलटी करून झटकली तेव्हा आणखी एक खुंटी पडली, वाकडी झालेली. तीही तिने गवतावर ओळीत ठेवली आणि कमरेवर हात ठेवून डॉक्टरांकडे पाहिलं.

"मोजून घ्या. मागाहून म्हणाल, बाईंनी दुसराच तंबू आणला."

डॉक्टर हसले. ते दातांचे डॉक्टर, आणि सुट्टीच्या दिवशी शहरातल्या गिर्यारोहण मंडळाचे पुढारी. मंडळाने असे बारा तंबू विकत घेतले होते. ते ह्याच डोंगरावर लावून माणसं झोपली आणि सकाळी ओली पांघरुणं पिळत खाली उतरली. शिवणीतून रात्रभर गळत होतं, असं डॉक्टरांनी आत्या शिवायची त्या तंबूच्या कारखान्यात येऊन मालकांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"बाई, माझा तुमच्यावर राग नाही. पण माझ्या डोक्यावर पाणी ठिबकलं, ते काय स्वप्नात?"

"पाऊस किती होता त्या रात्री?"

"भुरभुर होती."

"भुरभुरीला माझी शिवण गळाली?" आत्याने वाकडी खुंटी उचलून दगडावर ठोकून सरळ केली. "डॉक्टर, तुम्ही दात काढता तेव्हा आधी कुठला दुखतो ते बघता, की हाताला लागेल तो ओढता?"

तंबूच्या कापडापलीकडे भाचीला हसू फुटलं, आणि ते लपवायला ती काठी जोडायला वळली. भाची त्याच कारखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला होती. तक्रार आल्यावर तिने उरलेल्या मालातला एक तंबू पाण्याच्या पंपाखाली धरला होता आणि शिवणीतून थेंबही आला नव्हता. मालक म्हणाले, खोलीतला पंप वेगळा आणि डोंगरावरचा पाऊस वेगळा. मग त्यांनी आत्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि आवाज मऊ करून सांगितलं, "शिवणीत चूक झाली एवढं कबूल करा. तुमचंही वय झालंय. सन्मानाने घरी बसा, गिऱ्हाइकाला माझं उत्तर होईल." आत्याच्या टेबलावर आणखी चौघी शिवायच्या. त्यांचं काय, असं तिने विचारलं तेव्हा मालकांनी पंख्याकडे पाहिलं.

आत्या खुर्चीतून उठली नव्हती. "माझी शिवण गळते हे मला माझ्या डोळ्यांनी दिसू दे. दिसलं की सोमवारी कात्री तुमच्या टेबलावर ठेवते. तोवर कुणी माझ्यापुढे सन्मान आणू नका."

म्हणून हे तिघं इथे होते. डॉक्टरांना साक्षीला यायला आत्यानेच सांगितलं होतं. पायथ्याशी त्यांनी सुचवलं की बाईंनी रस्त्याने गाडीतून मधल्या तळापर्यंत यावं, तंबू तिथेही लावता येईल. "तुमचे लोक कुठे भिजले?" आत्याने विचारलं. "वर, कड्यापाशी." "मग मी खाली कशाला भिजू?" आणि ती झाडीत शिरली. चढ सगळा जंगलातून होता. दर वळणावर ती एक हात गुडघ्यावर टेकून उभी राही, आणि डॉक्टर "बसूया का?" म्हणाले की लगेच चालू लागे. शेवटी शेवटी डॉक्टरांनाच दम लागला, पण बसूया का हे तिसऱ्यांदा विचारायची त्यांची छाती होईना.

तंबू उभा राहिला. झाडी संपते आणि खडक सुरू होतो त्या कडेला, एका दाट झाडाखाली. त्यापुढे जमीन नव्हतीच. खाली नदी वळत गेलेली, पलीकडे डोंगरामागे डोंगर, मागचा पुढच्यापेक्षा फिकट, आणि शेवटचा कुठला आणि आभाळ कुठलं हे सांगता येऊ नये असं. सव्वीस वर्षं आत्याने तंबू शिवले होते. ते तंबू अशा ठिकाणी येत असत. ती कड्यापाशी थोडा वेळ उभी राहिली, मग पदराने मान पुसली.

"बरं आहे," ती म्हणाली. "ह्यासाठी चढत असाल तर वेड्यात काढणार नाही तुम्हाला."

मग ती परत तंबूपाशी आली आणि प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवला. माथ्याजवळ जाळीची एक छोटी खिडकी होती, वारा खेळावा म्हणून. मागच्या वर्षी तिरप्या पावसाचं पाणी तिथून आत येतं अशी ओरड झाली. कापड आधीच कापून झालेलं, म्हणून मालक म्हणाले, खिडकी बुजवा. जाळीवर चौकोनी तुकडा लावून चारी बाजूंनी दुहेरी टाका, आतून पट्टी, ही युक्ती आत्याची. चौघींना तिने स्वतः शिकवली होती.

"हे बघा," तिने डॉक्टरांचं बोट धरून त्या तुकड्यावर ठेवलं. "इथून मुंगीचा श्वास आत जाणार नाही."

डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं. "टाका चांगला आहे," ते म्हणाले. "जखमेला असा घालता आला पाहिजे."

"आता तुमच्या लोकांनी त्या रात्री काय काय केलं ते सांगा. तसंच करायचं. उद्या सबब नको."

त्या रात्री थंडी होती, म्हणून त्यांनी दाराची चेन खालपर्यंत लावली होती. एका तंबूत दोघं. ओले बूट आतच ठेवलेले. आत्याने भाचीला ओढ्यावर पाठवून दोघींचे बूट भिजवून आणायला लावले. भाचीने बूट निथळत आणताना चेहरा असा केला की डॉक्टरांनी स्वतःच्या तंबूकडे तोंड फिरवलं. त्यांचा तंबू दुसऱ्या कंपनीचा होता, दुपदरी, महागाचा. तो त्यांनी दहा पावलं लांब लावला.

पाऊस येणार असं हवामानखातं दोन दिवस सांगत होतं. आत्याने एक स्टीलचं वाडगं झाडाच्या सावलीबाहेर, उघड्या खडकावर ठेवलं आणि आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ. सूर्य मावळला, डोंगर एकेक करून विझले, तरी ढगाचा एक धागा नव्हता.

"नको तेव्हा आभाळ फाटतं, ठिगळ लावायला माणूस पुरत नाही," ती पुटपुटली. "आज हवंय तर बघा कसं घडी घालून ठेवलंय."

"आत्या, झोप. येईल."

"येऊ दे नाहीतर न येऊ दे. मी काही उठणार नाही इथून."

तिने चेन खालपर्यंत ओढली.

सकाळी भाचीला जाग आली ती गालावर थेंब पडला म्हणून. तिने हात वर केला. छत ओलं होतं. तिने बोट टेकवताच पाण्याची एक रेघ घरंगळत खाली आली आणि पांघरुणावर सांडली. पायाकडचं अंथरूण भिजलेलं होतं. शेजारी आत्या उठून बसलेली, केव्हापासून कोण जाणे, आणि छताकडे पाहत होती. तिच्या केसांवर थेंब होते. तिने ते पुसले नव्हते.

भाचीने चेन उघडली. बाहेर डॉक्टर चहाचं पाणी ठेवत होते. ते वाकून आत डोकावले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद दिसला नाही, उलट थोडं ओशाळल्यासारखंच झालं.

"बाई," ते म्हणाले, "हेच. अगदी हेच झालं होतं."

आत्या बाहेर आली. खडकापर्यंत गेली. वाडगं उचललं, आत बोट फिरवलं, आणि ते उलटं करून डॉक्टरांसमोर धरलं. काहीच पडलं नाही.

"रात्री पाऊस आला?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. मग थांबले. "नाही आला."

"मग माझ्या शिवणीतून काय गळालं? चांदणं?"

भाचीने तंबूला बाहेरून हात लावला. झाडाखाली दवही पडलेलं नव्हतं, कापड बाहेरून कोरडं ठाक होतं. आतून हात लावला, पंजा निथळत बाहेर आला. ती तशीच ओला हात समोर धरून उभी राहिली, आणि तिचे ओठ हलत होते, हिशेब करताना हलतात तसे.

आत्याने चष्मा काढला. रात्रीचे डाग पुसायला तिने काचेवर तोंडाची वाफ सोडली. काच पांढरी झाली. पदराचं टोक तिने काचेपर्यंत नेलं आणि पुसलं नाही. धुकं काचेवरून आपोआप विरेपर्यंत ती बघत राहिली. मग पुन्हा एकदा वाफ सोडली.

"आपलंच," ती म्हणाली.

"हो," भाची म्हणाली. "दोघींचा श्वास आणि ओले बूट. कापड थंड पडलं की त्यावर पाणी धरतं. बाहेर जायला वाट नाही."

डॉक्टरांनी स्पंज आणला आणि छत टिपलं. त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर मापाच्या खुणा होत्या. त्यांनी ती रिकामी केली, स्पंज तिच्यात पिळला, पुन्हा टिपलं, पुन्हा पिळला. शेवटी बाटली डोळ्यासमोर धरली. एकशे नव्वद मिलिलीटर.

"मी शब्द मागे घेतो," ते म्हणाले. "शिवणीतून आलं नाही. आजच मालकांना फोन करून सांगतो. सुटलात तुम्ही बाई. चला, चहा घेऊन उतरू."

आत्या तंबूच्या माथ्याकडे बघत होती. त्या चौकोनी तुकड्याकडे.

"कुठे उतरता?"

"खाली. झालं ना काम."

"तुमचं झालं. ही खिडकी बुजवली कोणी?"

"मालकांनी सांगितलं होतं," भाची घाईने म्हणाली. "आत्या, त्यांनीच सांगितलं होतं, मी तिथे होते."

"त्यांनी बुजवा म्हटलं. अशी बुजवली मी. दुसरी कोणी शिवली असती तर कुठेतरी फट राहिली असती आणि लोक कोरडे झोपले असते." ती बोलताना तिचा आवाज जराही खाली गेला नाही. "शिवण माझी पक्कीच आहे. घोटाळा तोच आहे."

डॉक्टर काही बोलायला गेले. तिने हात वर केला आणि झोळीतून दोऱ्याची डबी काढली. टाके उसवायची छोटी कात्री घेऊन ती दगडावर चढली आणि तुकड्याची खालची बाजू उसवायला लागली. दुहेरी टाका होता. स्वतःचाच असला तरी तो सहज सुटत नव्हता. दोनदा कात्री घसरली, दुसऱ्यांदा बोटाला लागली, तिने बोट तोंडात घातलं आणि काम चालू ठेवलं.

"अहो, पण पाऊस आला तर वरून पाणी येईल," डॉक्टर म्हणाले. "त्याच तक्रारीवरून तर बुजवली."

"म्हणून उघडी ठेवणार नाहीये. छज्जा करणार. अगं, तुझं ते डोक्यातलं दे."

भाचीने हात केसांकडे नेला. "हेअरबँड?"

"मग काय, डोकं मागतेय?"

तुकड्याची सुटलेली कड दुमडून आत्याने तिची नळी शिवली आणि हेअरबँड तिच्यात सरकवला. कड कमानीसारखी बाहेर आली, खाली तोंड करून, झोपलेल्या डोळ्याच्या पापणीसारखी. आत जाळी दिसली. डॉक्टर दगडाखाली उभे राहून कापड ताणून धरत होते. धरा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. टाक्यांच्या भोकांवर चोळायला मेण हवं होतं. डॉक्टरांच्याच सामानात मेणबत्ती निघाली. त्या सगळ्या वेळात खाली दरीतून धुकं वर आलं, डोंगर झाकले आणि पुन्हा उघडले, आणि तिघांपैकी कोणीही तिकडे पाहिलं नाही.

दुपारी मालकांचा फोन आला. कड्यावर तेवढी रेंज होती. आत्याने फोन कानापासून थोडा लांब धरला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. डॉक्टरांशी बोलणं झालंय, उत्तम झालं, शिवणीचा दोष नाही, आता मंडळाला सांगू की त्यांनी तंबू नीट वापरला नाही. श्वासाला आपण काय करणार.

"वापरायचा म्हणजे कसा?" आत्याने विचारलं. "श्वास बाहेर ठेवून आत झोपायचं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मालक, गोदामात ह्या मालाचे किती पडलेत तेवढे टेबलावर काढून ठेवा. सगळे उसवायचेत. मी आहे आणि माझ्या चौघी आहेत. बाहेरची एकही बाई बसवायची नाही."

"अहो, पण खर्च कोण…"

"उद्या बोलू. आज इथेच झोपणार आहे."

"उद्या सोमवार आहे, बाई."

"ठाऊक आहे. दुपारपर्यंत पोचते."

तिने फोन भाचीकडे दिला. डॉक्टर हातातल्या कपाकडे बघत होते.

"मला उद्या सकाळी दवाखाना आहे," ते म्हणाले.

"मग जा तुम्ही. वाट ठाऊक आहे आम्हाला."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. खिशातून फोन काढून कड्याच्या टोकाशी गेले, आणि दवाखान्यातल्या बाईंना सकाळच्या वेळा पुढे ढकलायला सांगताना त्यांचा आवाज इकडे येत होता. परत येऊन त्यांनी विचारलं, "बूट आजही भिजवायचे?"

"आजही," आत्या म्हणाली. भाचीने बूट उचलले.

अंधार पडायच्या आत पश्चिमेकडून ढग आले. पाऊस आधी पानांवर वाजला आणि मग सगळीकडे. दोघी आत गेल्या. ह्या वेळीही चेन खालपर्यंत लावली.

उजाडलं तेव्हा पाऊस थांबलेला होता. खडकावरचं वाडगं काठोकाठ भरून वाहत होतं. डॉक्टर स्पंज घेऊन तंबूत शिरले, माथ्यापासून तळापर्यंत चारी बाजू टिपल्या, कोपरे दोनदा टिपले, आणि बाहेर येऊन बाटलीत स्पंज पिळला. बाटलीवरच्या खुणा एवढ्या खालून सुरू होत नव्हत्या. भाचीने औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण काढलं, पाणी त्यात ओतलं आणि ते सपाट दगडावर ठेवून डोळे त्याच्या पातळीला आणले.

सात मिलिलीटर.