दगडाखालचा कोळसा

मोजणीच्या फितीचं टोक वहिनीनं पायानं बाजूला सारलं.

"उंबऱ्यावर नको. आत्ताच पुसलाय."

मोजणीवाली वाकली, टोक उचललं, पॅन्टला पुसलं आणि पुन्हा पुढं केलं. कचेरीचा नियम होता: टोक घरमालकानं धरायचं. म्हणजे उद्या 'ओढून मोजलं' म्हणायला कुणाला तोंड राहत नाही. सकाळपासून अकरा मालकांनी ते धरलं होतं, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं.

बारावं घर तिच्या थोरल्या भावाचं. तिचं माहेर. तिनं वहीत नोंद केली.

*घर बारा. मालक हजर. पाणी विचारलं नाही.*

"दुसरं माणूस नव्हतं कचेरीत?" दादा दारातूनच म्हणाला. "सख्ख्या बहिणीलाच पाठवलं रेघ मारायला?"

"मोजणीदार तीनच आहेत, दादा. शहर केवढं वाढलंय बघ."

"शहर वाढलं म्हणून आम्ही आखडायचं?"

गल्लीच्या शेवटी, जिथं पूर्वी नुसतं माळरान होतं, तिथं आता वीस-वीस मजले उभे होते, आणि तिथं जायचा रस्ता मात्र तोच होता. मागच्या महिन्यात एक रुग्णवाहिका याच दारासमोर पाऊण तास अडकली होती. आतला माणूस इथंच गेला. तेव्हा ठरलं, रस्ता अठरा मीटरचा करायचा.

समोरून शिंपीण ओरडली, तोंडातल्या टाचण्याही न काढता.

"घ्या मोजून भावाचं घर! कुंपणच शेत खायला लागल्यावर आम्ही बघायचं कुणाकडं?"

*समोरचं दुकान. दारापासून आत चार मीटर. शिलाई मशीन एक. शिव्या मोजल्या नाहीत.*

हिशोब सोपा होता. दोन बाजूंच्या दोन हद्दीच्या दगडांच्या मधोमध रस्त्याचा मध्य. तिथून दोन्हीकडं नऊ नऊ मीटर. जुन्या नकाशात रुंदीचा आकडा नेमका घडीवर लिहिलेला, आणि घडी झिजून आकडा गेलेला. म्हणून जागेवर उभा असेल तो दगड खरा.

"दादा, टोक दगडावर धर."

दादानं धरलं. ती समोरच्या दगडापर्यंत गेली. दहा मीटर.

दहा मीटर लिहिले तर शिंपिणीचं दुकान अख्खं जाणार होतं. दादाची पुढची खोली जाणार होती, पण मागचा जिना वाचणार होता. वर पुतण्याचा संसार होता, तान्ह्या बाळाचा.

ती लिहीना.

"काय झालं? आकडा दिसत नाही का?" वहिनी म्हणाली. "डोळे इथंच फुटतात वाटतं माहेरी आल्यावर!"

ती परत येऊन दादाच्या बाजूच्या दगडाकडं बघत होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सुट्टीची दुपार, वडील आत घोरत होते, आणि दादाला पुढं एक खोली काढायची होती. दगड पहारीला दाद देईना. तेव्हा दादानं तिला उचलून पहारीच्या टोकावर बसवलं होतं. "जड हो," तो म्हणाला होता, आणि ती श्वास रोखून जड झाली होती. दगड हलला. संध्याकाळपर्यंत तो दोन मीटर पुढं, रस्त्यात उभा होता. शिंपीण इथं आली त्यानंतर कैक वर्षांनी. म्हणजे खरं अंतर बारा; मध्य दादाकडं सरकला की दुकान मीटरभर वाचणार होतं, जिना जाणार होता.

"दादा, घरात पहार आहे?"

दादाची नजर प्रथमच तिच्यावर ठरली.

"कशाला?"

"जुने मोजणीदार दगड रोवताना खाली मूठभर कोळसा टाकायचे. दगड हलतो. कोळसा जागेवरच राहतो, कुजतही नाही. मला शंका आली तर मी खाली बघू शकते."

"शंका," दादा म्हणाला. "तुला."

वहिनी एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिली. "कसला कोळसा? अहो, काय म्हणतेय ही?"

दादा आत गेला. बराच वेळ आला नाही. वर बाळ रडलं, कुणीतरी त्याला थोपटलं. मग तो पहार घेऊन बाहेर आला, तीच, मुठीशी वाकलेली. त्यानं ती दगडाखाली घातली आणि खाली एक वीट टेकवली.

"काढायचा तर तसाच काढू," तो हळू बोलला, फक्त तिला ऐकू जाईल असं. "बस टोकावर. आणि मग लिही. सगळं लिहिणार असशील तर सगळं लिही. नोकरी तुझी जाईल, जिना माझा जाईल. बघू कोण आधी उठतं."

समोर शिंपीण दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. टाचण्या आता हातात होत्या.

मोजणीवालीनं वही काखेत धरली आणि पहारीच्या टोकावर बसली. या वेळी श्वास रोखावा लागला नाही. दगड सहज वर आला, किडका दात निघावा तसा.

खाली नुसती पिवळी माती.

"काय निघालं गं?" शिंपिणीनं विचारलं. आवाज अजून भांडणाचाच होता.

"काही नाही."

ती उठली नाही. तिथंच, पहारीवर बसल्या बसल्या, तिनं वही उघडली. दादा पहारीचं दुसरं टोक धरून उभा होता.

*घर बारा. अंतर दहा मीटर, खोडलं. दगडाखाली कोळसा नाही. मूळ जागा दोन मीटर आत, पुढच्या खोलीच्या फरशीखाली, खणून बघावी. दगड हलवणारे दोन. दोघंही हजर.*