शेपटी फुटण्याआधी

ताई नाकावर माशी बसू द्यायची नाही. प्रयोगशाळेत वीस वर्षं वीर्याचे नमुने तपासत आलेली बाई. डॉक्टरसुद्धा तिच्या रिपोर्टवर डोळे मिटून सही करायचे. आणि तिथंच घात झाला.

धाकट्या भावाला मूल होईना म्हणून त्याचा नमुना आला, त्यात गोल गोल पेशी दिसल्या. त्या पुवाच्या की दुसऱ्या कसल्या, हे एक खास रंग टाकला की कळतं: पुवाच्या असल्या तर तपकिरी होतात. पण रंगाची बाटली कधीची संपलेली. रंग नसला की सगळ्या गोल पेशी पू म्हणून लिहायच्या, ही तिथली वहिवाटच. ताईनंही लिहिलं, पू. एकदा नाही, तीनदा.

मग काय, औषधांवर औषधं. बेकरीच्या भट्टीसमोर दिवसभर उभा राहणारा धाकटा गोळ्या खाऊन खाऊन पार वाळला. मूल राहिलं बाजूला, भावजयीच्या डोक्यात भलताच किडा वळवळू लागला. पू म्हणजे संसर्ग, आणि तो बाहेरून येतो. मग ह्यांनी आणला कुठून? धाकटा शपथा घेऊन थकला. परवा तिनं माहेरी जायची बॅग भरून ठेवली.

आज दुपारी रंगाची नवी बाटली आली. ताईनं धाकट्याच्या चौथ्या नमुन्यात थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. पंखा घरघरत होता. एकही पेशी तपकिरी होईना.

बघता बघता तिची तंद्री लागली. काचेखालचा उजेड पसरत गेला आणि ती त्यातून आत उतरली, एका वळणावळणाच्या अरुंद नळीत, जिथं पुरुषाचं बीज तयार होतं. भिंतीला टेकून दाया उभ्या होत्या, उंच, न बोलणाऱ्या. सांभाळणाऱ्या पेशी त्या ह्याच, हे तिला स्वप्नातही कळत होतं. प्रत्येकीच्या कडेवर, खांद्यावर गोल गोल बाळं, प्रथिनांच्या बारीक हुकांनी अडकवलेली, ब्लाउजला असतात तसल्या. दाई खालचा हुक काढायची, वरचा लावायची, की बाळ भिंतीपासून नळीच्या मध्याकडे जरासं सरकायचं. सरकता सरकता बारीक व्हायचं, त्याला शेपटी फुटायची. ती पुरती फुटली की शेवटचा हुक निघायचा. जा बाळा आता. सगळं इतकं सावकाश चाललं होतं की ताईला तिथंच बसून राहावंसं वाटलं.

मग कुठून तरी गरम वारा आला. हुक आपसूक सुटू लागले. बिनशेपटीची बाळं टपाटप पडू लागली आणि दाया आपले रिकामे हात बघत राहिल्या. ताईनं ओंजळ पुढं केली. बाळं कोमट होती.

ती दचकून भानावर आली. काचेवरच्या पेशी अजून बिनरंगाच्याच होत्या. पू नव्हताच. वेळेआधी सुटलेल्या भावाच्याच कोवळ्या पेशींना तिनं घाण ठरवलं होतं, आणि सहा महिने सगळे साप साप म्हणून भुई धोपटत होते. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

डॉक्टरांनी काच पाहिली. "भट्टीच्या उष्णतेनं ह्या कोवळ्या पेशींची पकड सैल होत असेल," ते म्हणाले. "तीन-चार महिने लांब ठेवा त्याला, मग पुन्हा बघू."

ताई तडक भावजयीकडे गेली.

"पू नव्हता," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "त्यानं बाहेरून काही आणलं नाही. रंग न टाकताच मी लिहून मोकळी झाले. चूक माझी आहे."

भावजयीनं दारातल्या भरल्या बॅगेकडे पाहिलं. "मी ह्यांना काय काय बोलले, ताई."

मग तिनं बॅग उघडून कपडे परत कपाटात ठेवायला घेतले.

"मशीन बिघडलं होतं म्हणू या," भावजय शेवटी म्हणाली. "तुमचं नाव नको. ह्यांना बहीण एकच आहे."

ताईला रडू फुटलं. भावजयीनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नको गं," ती म्हणाली. "मीच सांगते त्याला." आणि बेकरीकडे जायला वळली.

"थांबा," भावजय चपला शोधत म्हणाली. "मलाही माफी मागायचीय."