जपानी टेंभुर्णी

मल्लप्पाची कुऱ्हाड दुसऱ्याच घावाला बुंध्यात रुतली. पाय टेकवून त्याने ती ओढून काढली, पात्यावरून बोट फिरवले आणि बोट धोतराला पुसले.

"अव्वा, वाळलंय म्हनला व्हता न्हवं? ह्ये तर वलं हाय की."

ओट्यावरून रंभाबाई म्हणाल्या, "खाली राहते रे थोडी ओल. वर बघ, महिनाभर एक पान नाही. दारात असला सांगाडा नको मला."

"वल्या झाडाला कुऱ्हाड लावाय जीव व्हत न्हाई, म्हून म्हनलं."

"मग मला होतो का? मेलंय म्हणूनच तोडायला सांगतेय. आटप."

मल्लप्पाने पुन्हा हात उचलला. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असलेली त्यांची सून मालती प्रत्येक घावाला डोळे मिटत होती. पुढे होऊन त्याचा हात धरावा, असे तिला फार वाटत होते. पण या झाडाविषयी तोंड उघडायची सोयच तिला उरली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, यज्ञेश्वरने, हे कलम आणले. कचेरीतल्या साहेबाबरोबर तो निलगिरीकडे गेला होता. तिथल्या एका माळ्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून ते दिले. फळ शेंदरी रंगाचे, टोमॅटोएवढे, आत मधासारखा गर, असे तो येईल त्याला सांगे. आपल्या माळावरच्या टेंभुर्णीची ही लांबची बहीण, म्हणून घरात तिचे नाव जपानी टेंभुर्णी पडले. आणणारा आणून मोकळा झाला. जगवली ती मालतीने. सोलापूरच्या उन्हात जिथे माणसांचे हाल, तिथे या थंड मुलखातल्या पोरीचे काय! मालतीने वैशाखात तिच्यावर गोणपाटाचा मांडव घातला, न्हाणीचे पाणी आळ्याकडे वळवले, वाळवी लागू नये म्हणून मुळाशी निंबोळीची पेंड घातली. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि मांडीवर मूल नव्हते. झाडालाच तिने लेकरू मानले आहे असे कुणी म्हटले असते तर ती लाजली असती. पण नाही म्हणाली नसती.

कार्तिकात ती बाहेर बसली होती. त्या दिवसांत मागच्या पडवीत पडून राहायचे, कशाला म्हणून शिवायचे नाही. तेवढ्यात शेजारची शेळी कुंपणातून आत शिरली आणि झाडाचा शेंडा ओरबाडू लागली. मालतीला कसले भान राहते! ती धावली, शेळीला हाकलले, आणि लोंबणारी फांदी दोन्ही हातांनी सावरून धरली. रंभाबाई बाहेर आल्या त्या नेमक्या तेव्हाच.

"शिवलीस? अगं, असल्या दिवसांत फळझाडाला शिवलीस?"

मार्गशीर्षात पाने तांबडी झाली. पौष लागता लागता एकूण एक गळाली.

रंभाबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी आदळआपट केली नाही, चार बायकांत सुनेचे नाव काढले नाही. फक्त एकदा तांदूळ निवडताना म्हणाल्या, "जिच्या हातानं झाड जळतं, तिच्या कुशीत काय रुजायचं?"

मालतीला ते पटले, हेच सगळ्यांत वाईट झाले. सकाळी कुणी उठायच्या आत ती आळ्यापाशी जाऊन बसे आणि त्या उघड्या काटक्यांची माफी मागे. तिला माहेरी धाडायचे ठरले तेव्हाही तिने का म्हणून विचारले नाही. उद्या मंगळवेढ्याहून भाऊ न्यायला येणार होता. कायमची जा, असे कुणी बोलले नव्हते. पण ट्रंकेत लग्नातला शालूही भरायला लावला, तेव्हा बोलायचे काही राहिलेच नाही.

झाड आडवे करून मल्लप्पा गेला. रंभाबाई देवळात गेल्या. मालती अंगणात आली आणि पडलेल्या फांद्या गोळा करू लागली. एक फांदी मोडता मोडेना, नुसती वाकली. तिने नखाने साल खरवडली. आत कोवळे हिरवे होते. शेंड्याशी नव्या फुटीचे घट्ट मिटलेले डोळे होते, प्रत्येक फांदीला. ती तिथेच मातीत बसली. झाड आपण मारले नव्हते, एवढे एकच तिला कळत होते, आणि ते धावत जाऊन कुणाला तरी सांगावेसे तिला वाटत होते.

दिवेलागणीला यज्ञेश्वर आला. हा गृहस्थ घरात फारसा बोलत नसे, कचेरीतही बोलत नसे. त्यामुळे दोन्हीकडे त्याला सज्जन म्हणत. तो पाटावर बसला तेव्हा मालतीने ताटाशेजारी ती फांदी ठेवली.

"हे बघा. जिवंत होतं हो."

त्याने फांदीकडे पाहिले. हात लावला नाही.

"थंडीत ते पानं टाकतंच," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माळी बोलला होता. फाल्गुनात फुटतं परत."

मालतीच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

"तुम्हांला ठाऊक होतं?"

तो ताटाभोवती पाणी फिरवू लागला. एकदा फिरवून झाले होते, तरी पुन्हा.

"गेली दोन वर्षं गळाली नाहीत ती, म्हणून मीही विसरलो होतो. मग आठवलं."

"कधी?"

"झाला असेल महिना."

"मग आईंना का नाही सांगितलंत?"

"काय झालं असतं सांगून?" तो म्हणाला. "बार्शीची मुलगी दिवाळीतच पाहून झाली होती. आईला तुला पाठवायचा धीर होत नव्हता, एवढंच. झाडाचं झालं आणि तिचं मन घट्ट झालं."

चुलीतले लाकूड मागे ओढायला हवे होते. वरण खाली लागल्याचा वास येत होता. मालती उठली नाही. बाहेर फाटक वाजले. देवळातून रंभाबाई परतल्या होत्या, पाय धुताना स्तोत्र पुटपुटत होत्या.

यज्ञेश्वरने घाईने फांदी उचलून तिच्या हातात दिली.

"हे आईला मात्र कळू देऊ नकोस हं. ओलं झाड तोडलं म्हणून तिच्या जिवाला फार लागेल."

मालतीने फांदी पदराखाली घेतली आणि त्याला भात वाढला.

"नाही सांगत," ती म्हणाली.