गिन्नी गवताचा चहा

“झ्याक झालाय.”

भागवतराव असं म्हणाले आणि विजयमालाबाईंच्या हातातली गाळणी कपावरच थांबली. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. माणूस तोच होता. चहा बशीत ओतून, फुंकर मारून पीत होता.

“काय म्हनला?”

“चहा. झ्याक झालाय म्हनलं.”

“बरं वाटतंय ना तुमाला?”

“का? चहाला चांगलं म्हनायला ताप यावा लागतो व्हय?”

लागत असावा. कारण धडधाकट असताना भागवतरावांनी कशालाच चांगलं म्हटल्याचं विजयमालाबाईंना आठवत नव्हतं. पुरणपोळीला ‘बरी हाय’. लेकीचा वर्गात पहिला नंबर आला तेव्हा ‘फुडल्या वर्षी बी आला पायजे’. खुद्द विजयमालाबाईंना पाहून घरी परतल्यावर त्यांनी ‘चालतंय की’ एवढंच सांगितलं होतं, हे त्यांना लग्नानंतर कळलं. त्या ‘चालतंय’वर सगळा संसार झाला. मिरजगावहून नगरला दुधाचा टँकर नेणारा माणूस. शब्दही डिझेलसारखे जपून वापरायचा.

टँकर सुटला आणि साखर लागली. डॉक्टरांनी गोड चहा बंद केला. बिनसाखरेच्या दुधाच्या चहाला भागवतराव ‘बाळाची बाटली धुतलेलं पानी’ म्हणायला लागले, तेव्हा विजयमालाबाईंनी दूधही काढून टाकलं आणि गवती चहा उकळून पुढे ठेवला. आपल्याकडे मयताच्या घरी कोरा चहा करतात. भागवतरावांनी कपात पाहिलं आणि विचारलं, “कोन गेलं?”

“अजून कोनी न्हाई. गोड पीत बसला तर जाल.”

त्या दिवसापासून या घरात कोरा चहा सुरू झाला. सकाळी तुळस आणि सुंठ. दुपारी गवती चहा, त्यात वेलदोड्याचं टरफल. कुणाला खोकला झाला तर अडुळशाचं पान. मोरीच्या पाण्यावर गवती चहाचा ठोंब असा माजला की गल्लीतल्या बाया येता-जाता पाती कापून न्यायच्या. नवऱ्यासाठी म्हणून सुरू केलेल्या या चहाचा खरा नाद विजयमालाबाईंनाच लागला. पाणी खळखळलं की पात हाताने पिळून टाकायची, गॅस बंद करायचा, झाकण ठेवायचं. मग थोड्या वेळाने झाकण उचलून तोंड खाली न्यायचं. पहिला कप नवऱ्याचा असला तरी पहिला वास त्यांचा. दिवसभरात स्वतःसाठी म्हणून त्या एवढंच घ्यायच्या.

श्रावणात विजयमालाबाईंना ताप आला, गेला. उठल्यावर त्यांनी पहिल्यांदा झाकण उचललं तर तोंडाला नुसती वाफ लागली. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. मग उदबत्ती नाकाला लावून पाहिली. लसणाची फोडणी दिली. शेवटी रॉकेलच्या जुन्या डब्याचं बूच काढलं. काही नाही. जग काचेच्या पलीकडे ठेवल्यासारखं झालं होतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कारण कोपरगावची लेक. रेश्मा आधीच फोनवर म्हणायची, “तिथं दोघंच काय करता? इकडं या.” आईला गॅसचा वास येत नाही हे तिला कळलं असतं तर ती संध्याकाळी गाडी घेऊन दारात. जावई चांगला, घर मोठं. पण तिथला ओटा रेश्माचा. आणि ठोंब काय गाडीत घालून न्यायचा?

आता या ‘झ्याक’चं काय करावं? दुसऱ्या दिवशीही झ्याक. तिसऱ्या दिवशी “लई भारी.” विजयमालाबाईंनी शेजारच्या थोरल्या जाऊबाईंना, झुंबरबाईंना, गाठलं.

“बाई, ह्यांचं काय बिनसलंय का बगा. चांगलं बोलत्यात.”

झुंबरबाई शेळीला गवत टाकत होत्या. त्यांचा हात थांबला. “किती दिस झालं?”

“चार-पाच.”

“दाखवून आन. आमचं माणूस गेलं, तवा आदल्या आठवड्यात असंच गोड झालं हुतं.”

रविवारी रेश्मा आली. तिघं स्वैपाकघरात बसली. रेश्माने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“आई, हे काय आहे?”

“गवती चहा.”

“हा?” तिने गाळणीतला चोथा बोटांनी चोळला, नाकाशी नेला, मग उठून मोरीकडे गेली. परत आली ती हातात दोन पाती घेऊन. “हा गवती चहा. आणि हे गिन्नी गवत. काकूंच्या शेळीचं! कुंपणातून पसरत ठोंबात शिरलंय सगळं. तू शेळीचा चारा उकळून पाजतेयस!”

“गप पी की,” भागवतराव म्हणाले. “चांगला झालाय.”

“अण्णा, तुम्हाला कळलं नाही?”

भागवतरावांनी बशी तोंडाला लावली. बशी रिकामी होती.

विजयमालाबाईंनी ती हातात घेऊन पाहिली. दोन्ही पाती दिसायला सारखीच. फरक फक्त वासाचा.

“तुमाला ठाव हुतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या नाकाचं.”

“व्हय.”

“कवापास्नं?”

“दूध करपलं तवापास्नं.”

“कवा करपलं?”

“करपलं. तू हितंच पाठ करून मेथी निवडत बसल्याली. मी पारावरनं आलो तर वास गल्लीला. तुला न्हाई. मग गॅस बंद केला, पातेलं उचललं अन् वैनीच्या गोठ्यामागं बसून घासलं.”

“अन् मला म्हनला, जाऊबाईंनी नेलंय!”

“नेल्तंच की त्यांच्या दारात. घासनी बी त्यांचीच.”

ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा कप विसळला नव्हता, तो गोठ्यामागे उकिडवा बसून पातेलं घासतोय, हे चित्र विजयमालाबाईंच्या डोळ्यांपुढे आलं आणि हसावं की रडावं ते त्यांना कळेना.

“मला का न्हाई बोलला?”

“तू लपवत हुतीस. मग मी बी लपवलं. आता चहा वाईट हाय म्हनावं, तर तुला नाकाचं सांगावं लागतंय. म्हनून प्यालो. शेळी खाती, तिला काय हुतंय?”

रेश्माला मात्र हसू आलं नाही. “आणि उद्या गॅस सुटला तर? अण्णा अर्धा दिवस पारावर. ते काही नाही. पिशव्या भरा. आजच निघायचं.”

विजयमालाबाईंनी ओट्यावरून हात फिरवला. पुसलेलाच ओटा त्यांनी पदराने पुन्हा पुसला. पोरीचं खरं होतं.

भागवतराव उठून बाहेर गेले. रागावून गेले असं दोघींना वाटलं. तेवढ्यात ओसरीवरून लोखंड फरफटल्याचा आवाज आला. त्यांनी आपली खुर्ची ओढत आणली आणि स्वैपाकघराच्या दारात मांडली.

“चूल पेटल्यापास्नं विझंस्तवर हितं बसनार. वास मी घीन.”

“अण्णा, आणि पार?”

“पार कुटं पळून चाललाय?”

रेश्माने बापाकडे पाहिलं, आईच्या हातातल्या पदराकडे पाहिलं. मग गॅस सुटला की ओरडणारं यंत्र पाठवून देईन, तोवर एक दिवसही खुर्ची हलायची नाही, अशा बोलीवर ती एकटीच परत गेली. जाण्याआधी तिने बसून सगळं गिन्नी ठोंबातून उपटलं आणि काकूंच्या शेळीपुढे टाकलं. नगरच्या डॉक्टरांनी ‘वास परत येईल, वाट बघा’ असं सांगितलं. यंत्र आलं, भिंतीवर लागलं. खुर्ची मात्र दारातून हलली नाही.

आता दुपारी झाकण उचललं की विजयमालाबाई सवयीने तोंड खाली नेतात. वाफ लागते. मग पातेलं खुर्चीकडे वळवतात.

“सांगा.”

“गवती चहाचा वास.”

“त्ये मला बी ठाव हाय. कसा?”

पहिल्या दिवशी भागवतराव घामाघूम झाले. “हिरवा,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी “लिंबावानी, पन आंबट न्हाई.” एकदा मात्र पातेल्यावर वाकून त्यांनी डोळे मिटले.

“पहाटचा टँकर घीऊन निघायचो ना, तवा रुईछत्तीशीच्या फुडं एक लिंबोनीची बाग हुती. थंडीत बी काच खाली करायचो. तेवडाच वास यायचा. मग नगर येईस्तवर दूध अन् डिझेल. तसा येतोय आज.”

विजयमालाबाई त्या रस्त्याने कधी पहाटे गेल्या नव्हत्या. इतकी वर्षं डबा भरून दिला, टँकर वळला की कडी लावून घेतली. काच खाली करणारा हा माणूस त्यांना आज भेटला. कुणाचे आभार मानावेत, हे न कळून त्यांनी नुसतीच त्याची बशी भरली.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी थंडी म्हणून विजयमालाबाईंनी गवती चहात सुंठही टाकली. भागवतरावांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“बिगडलाय.”

विजयमालाबाईंचा हात थांबला. “काय म्हनला?”

“चहा. बिगडलाय म्हनलं. सुंठ लई झालीया, घशाला लागती. अन् पात जून हाय.”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. माणूस धडधाकट होता. कपाळाला आठी, बशी हातात, आवाज नेहमीचा. श्रावणापासून छातीवर ठेवलेलं काहीतरी त्यांनी हळूच खाली उतरवलं.

“ऱ्हाऊ द्या मग. दुसरा करते.”

“कशाला? आन हिकडं.” त्यांनी बशी पुढे केली.

विजयमालाबाईंनी ती काठोकाठ भरली. मग स्वतःचा कप घेऊन त्या खुर्चीशेजारी उंबऱ्यावर बसल्या, वाफ तोंडावर येऊ दिली आणि म्हणाल्या,

“अजून काय काय बिगडलंय, सांगा.”