उकंडा नावाचं विमान

माझ्या पाठची तीन पोरं पाळण्यातच गेली. मी तेवढी राहिले. पोरीला मरणसुद्धा लवकर विचारत नाही. चौथा झाला तेव्हा मायनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या गोजरबाईनं ठरल्याप्रमाणं उचलून आणलं आणि दारातून विचारलं, "कचऱ्यात सापडलं बाई, पाहिजे का?" माय म्हणाली, "आण, पडू दे कोपऱ्यात." टाकून दिलेलं लेकरू मरणाच्या डोळ्यात भरत नाही म्हणतात. नाव ठेवलं उकंडा, म्हणजे उकिरडाच. जगला.

आबांना ताप होता म्हणून शाळेत घालायला त्याला मीच नेलं. मास्तरांनी नाव विचारलं. पोरं आधीच फिदीफिदी हसत होती. मी बारा वर्षांची शहाणी, बोलून गेले, "व्यंकटराव." मास्तरांनी लिहूनही टाकलं. त्याच्याच पुस्तकांवर मी पुढं वाचायला शिकले, पण ते नाव मायला कधी रुचलं नाही.

हळदीची गाडी घेऊन आबा वसमतला निघाले की उकंडा मागं पोत्यांवर बसायचा. आबांना डुलकी लागायची, बैल आपल्या मनानं वळायचे, आणि हा सावली बघून ओरडायचा, "आबा, वाट सुटली!" पुढं हैदराबादेत शिकला, लढाई लागल्यावर विमानदलात गेला, तर तिथंही तेच काम. बॉम्ब टाकणारं दोघांचं विमान. पुढचा चालवणार, आणि मागं बसून नकाशावरून हा वाट सांगणार. त्याला नेव्हिगेटर म्हणतात. माय गावभर सांगायची, "पोरगं आभाळात गाडीवान हाय."

"गाडीवान न्हाई माय," मी म्हणायची, "गाडीवानाला उठवणारा."

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात तार आली. व्यंकटराव ब्रह्मदेशाच्या आघाडीवर कामी आले.

मायनं तार माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "चांगलं नाव दिसलं मरणाला," ती म्हणाली. "नेलं."

माझं सासर गावातच, रोज जाणं-येणं होतं. तरी दोन वर्षं माय माझ्याशी मिठा-पिठापुरतंच बोलली. भाकरी थापताना माझ्याही मनात तेच यायचं, की त्या दिवशी तोंड मिटून बसले असते तर.

शेहेचाळीसच्या फाल्गुनात हिंगोलीच्या स्टेशनावरून गाडी करून एक उंच माणूस आला. दारात टोपी काढून म्हणाला, "उकंडा का घर यही है?"

मायच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. "हे नाव तुला कुणी सांगितलं रे?"

"उसी ने, माँजी. मैं धनसिंग, उसका पायलट."

मग ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. विमानाच्या नाकाडावर उकंड्यानं आपल्या हातानं, आपल्या अक्षरात 'उकंडा' रंगवलं होतं. गोऱ्या साहेबानं अर्थ विचारला, तर म्हणे आमच्या मुलखातला मोठा राजा होता! सगळी तुकडी त्याला त्याच नावानं हाक मारायची. शेवटच्या दिवशी पूल उडवून परतताना गोळ्याची कपची त्याच्या मानेत घुसली. खाली धूर, चहूकडं डोंगर, धनसिंगला काही दिसेना. हा मागून सांगत राहिला, थोडं डावीकडं, अजून थोडं. धावपट्टी दिसली तेव्हा म्हणाला, "आता सरळ." उतरल्यावर धनसिंगनं मागं पाहिलं, तर तो गेला होता.

माय माझ्याकडं वळली. "म्हंजे नाव त्यानं सोडलं न्हवतं, शाले."

"न्हाई माय."

"उकंड्याच्या विमानात होता म्हणून ह्यो वाचला."

मग तोच काहून गेला, हे ओठांवर आलं होतं. पण ती दोन वर्षांनी मला शाले म्हणाली होती. मी शहाणपण गिळलं.

"अजून उडतूस व्हय रे?" मायनं विचारलं.

"हाँ, माँजी."

माय उठली, सूप घेऊन आली. आता सहा फुटांचा गडी सुपात कसा बसावा? तिनं त्याची टोपी त्यात ठेवली. "शाले, तिकडून धर." दोघींनी मिळून सूप उकिरड्यावर नेलं. धनसिंग बिचारा शिस्तीत मागं आला आणि शेणाशेजारी ताठ उभा राहिला. गोजरबाईला हाक मारली. तिच्या तोंडात आता एक दात होता, पण बोल सगळे पाठ होते.

"कचऱ्यात सापडलं बाई, पाहिजे का?"

"आण," माय म्हणाली, "पडू दे कोपऱ्यात."

धनसिंग चार दिवस राहिला. ओट्यावर चांगली बाज टाकली होती, पण मायनं त्याला कोपऱ्यातच झोपवलं.