नुसत्या पाण्यात सापडलेली काच

मी एक जुना बीकर आहे. शाळेच्या पुस्तकात मला चंचुपात्र म्हणतात. नाव भारदस्त, अंग काचेचे. मित्रांनो, मला चोच आहे, पण बोलता येत नाही. या एका गोष्टीपायी मी काय भोगले ते ऐका.

तापलेली काच फुंकून मला घडवले आणि मी एका प्रयोगशाळेत दाखल झालो. तिथल्या ताई तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांचा पहिला जमलेला प्रयोग माझ्यातच झाला. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर भारी जीव. त्या मला स्वतः ब्रशने घासघासून धूत. त्याने आतून ओरखडे पडले, पण लाडक्याने तक्रार कशी करावी?

पुढे ताई तिथेच संशोधक झाल्या. एके दिवशी औषधाच्या कुप्या बनवणारे काका आले. त्यांच्या कुप्या श्राव्यातीत ध्वनीच्या, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या पेटीत धुतल्या जात. तिथे त्यांची काच पाण्यात विरघळते, अशी औषध कंपन्यांची तक्रार होती. ती खरी का, हे ताईंनी तपासायचे होते.

"बाई, काच खोटी निघाली तर भट्टी विझवावी लागेल," काका म्हणाले. "आणि एकदा विझली की आतली काच थिजते. मग फोडूनच टाकायची. लेकरासारखी सांभाळलीय हो!"

ताईंनी कुपीचा चुरा पाण्यासह माझ्यात घातला, मला तारेच्या जाळीत बसवून तशाच एका पेटीत उतरवले आणि बटण दाबले. पाण्यात बारीक बुडबुडे उठले आणि काचेला टेकून फुटू लागले. स्थिर पाण्यात काचेवर पातळ थर बसतो, तो तिला सांभाळतो. हे बुडबुडे तो थरच ओरबाडत होते. चुरा झिजत होता आणि मीही झिजत होतो.

"पाण्यात काच फारच उतरलीय," पाणी तपासून ताई खिन्नपणे म्हणाल्या. पुन्हा चुरा, पुन्हा जाळी, पुन्हा तेच उत्तर. अहो ताई, त्यातली निम्मी माझी आहे, असे ओरडावेसे वाटे. पळताही येईना, बोलताही येईना. चोर सोडून संन्याशाला फाशी होणार होती आणि चोर मी होतो!

शेवटी मला पुसताना ताईंचे बोट थबकले. "अरे, तू आतून एवढा धुरकट कधी झालास?"

त्यांनी चुरा न घालता नुसते पाणी भरले. त्यांचे सर हसले. "नुसत्या पाण्यात काय मोजणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मित्रांनो, पोहराच काचेचा होता ना! त्या पाण्यातही काच निघाली. ताईंनी कपाळावर हात मारला आणि सगळे प्रयोग प्लास्टिकच्या भांड्यात नव्याने केले. काकांची काच खरी ठरली. भट्टी पेटती राहिली.

काका आले ते पेढ्यांऐवजी नुसते भरलेले डोळे घेऊन. मला उचलून म्हणाले, "याला माझ्याकडे द्या. वितळवून नवं काहीतरी करतो." सुटलो, असे मला वाटले!

"नको हो, माझा जीव आहे त्याच्यात," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला काचेच्या दाराच्या फडताळात ठेवून कुलूप लावले.

तेव्हापासून मी इथेच आहे. काचेपलीकडून सगळे दिसते, माझ्यात पाण्याचा थेंबही पडत नाही. मित्रांनो, वस्तू जपा, जरूर जपा. पण ताई तुम्हाला कुठे भेटल्या, तर त्यांना माझा एवढा निरोप सांगा: माझ्यावर जीव असेल, तर मला भट्टीत जाऊ द्या.